कोकणातल्या दमट हवेत ई-रीडर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

ओटीवरची_वाचक (दापोली तालुका)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, कौलारू घरात राहते. घरात दोन कपाटे भरून पुस्तके आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतली काही हातची जातात. वेखंड, कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या हे सगळे उपाय चालू असतात. त्यांनी कसर आटोक्यात राहते, बुरशी मात्र राहत नाही. दिवाळी अंकांचे तर फारच हाल होतात. पिना गंजून पानांवर तांबूस डाग उतरतात आणि आतली गुळगुळीत रंगीत पाने एकमेकांना अशी चिकटतात की सोडवायला जावे तर छपाईच निघून येते.

मुलगा गणपतीला मुंबईहून येताना ई-रीडर घेऊन येतो म्हणतो आहे. माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असून बारीक टाइप वाचताना डोळे लवकर थकतात, त्यामुळे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते हे ऐकून मन वळले आहे. तरीही काही शंका आहेत. माझे वाचन जवळपास सगळे मराठी आहे: चरित्रे, प्रवासवर्णने, जुन्या कादंबऱ्या. ही पुस्तके अशा यंत्रावर खरोखर मिळतात का, आणि जोडाक्षरे नीट दिसतात का? पाणीरोधक यंत्रासाठी जास्त पैसे मोजावेत का? आमच्याकडे वादळवाऱ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो; ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागातल्या अनेक वाड्या कित्येक दिवस अंधारात होत्या. अशा वेळी हे यंत्र किती टिकाव धरील? आणि सर्वांत मुख्य म्हणजे, छापील पुस्तकाच्या तुलनेत याचा लाभ खरोखर आहे की केवळ नवलाई आहे? आपापल्या अनुभवावरून सांगावे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बाई, नमस्कार. तुमचे प्रश्न नेमके आहेत, मात्र त्यांचा क्रम मी थोडा बदलतो. यंत्र कोणते, पडदा केवढा, पाणीरोधक की साधे, हे सगळे नंतरचे. आधी आपल्याला हवी असलेली पुस्तके कोणत्या दुकानात आणि कोणत्या स्वरूपात मिळतात ते पाहावे, कारण यंत्र आणि दुकान यांची येथे जोडी असते आणि एकदा यंत्र घेतले की दुकान आपोआप ठरते. इंग्रजी वाचणाऱ्याला याची फारशी झळ लागत नाही, कारण त्याला कोणत्याही दुकानात बहुतेक सगळे मिळते. मराठी वाचकाला लागते.

ॲमेझॉनने डिसेंबर २०१६मध्ये भारतीय भाषांतली ई-पुस्तके विकण्यास सुरुवात केली आणि पहिल्या पाच भाषांत मराठी होती. त्यामुळे किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तके मिळतात, नवी प्रकाशने तर बऱ्यापैकी मिळतात, पण एखाद्या लेखकाची चार पुस्तके असतील आणि पाचवे, जे आपल्याला हवे तेच, नसेल असे वारंवार घडते. दुसरीकडे बुकगंगासारख्या मराठी विक्रेत्याकडे घेतलेले ई-पुस्तक त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडते आणि ते ॲप किंडलवर चालत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की मुलाने काहीही विकत घेण्यापूर्वी तुम्ही पुढच्या वर्षभरात वाचू इच्छिता अशा पंधरा-वीस पुस्तकांची यादी करावी आणि ती दोन्ही ठिकाणी शोधून पाहावी. निम्म्याहून अधिक पुस्तके किंडलवर सापडली तर किंडल घ्यावे. न सापडल्यास पुढचा विचार वेगळा होईल.

यादीत जुन्या कादंबऱ्या असतील तर आणखी एक वाट आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. हरि नारायण आपटे १९१९मध्ये गेले, तुमच्याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी १९५०मध्ये. म्हणजे गुरुजींचे लेखन २०११पासून सर्वांना खुले आहे. मराठी विकिस्रोत या मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावरून अशी जुनी पुस्तके ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-स्वरूपात उतरवून घेता येतात, आणि २०२२पासून किंडलकडे ईपब फाइल थेट पाठवण्याची सोय झाली आहे. जोडाक्षरे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, नीट टंकलेल्या पुस्तकात व्यवस्थित दिसतात. जिथे प्रकाशकाने छपाईसाठी केलेल्या जुन्या डीटीपीच्या फाइलवरून घाईघाईने रूपांतर केलेले असते, तिथे रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व वेलांटी आपले अक्षर सोडून शेजाऱ्याकडे जाते. यावर एकच उपाय: विकत घेण्यापूर्वी नमुन्याची पाने फुकट उतरवून ती वाचून पाहावीत.

आता डोळ्यांविषयी. मोबाइलचा पडदा मागून उजेड टाकतो. ई-रीडरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण असतात, आणि विजेच्या इशाऱ्याने यांपैकी एक रंग वर येतो. एकदा वर आला की तो तेथेच राहतो; त्यासाठी पुन्हा वीज लागत नाही. म्हणजे आपण पाहतो तो कागदावरच्या शाईसारखाच परावर्तित उजेड असतो आणि भर दुपारी अंगणात बसूनही अक्षर स्पष्ट दिसते. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात, पण त्यांचा उजेड पानावर पडतो, थेट डोळ्यांत जात नाही. अक्षर मोठे करण्याची मुभा हा तुमच्यासारख्या वाचकाला यंत्राचा सर्वांत मोठा लाभ आहे आणि त्यापुढे बाकीचे सगळे लाभ मला दुय्यम वाटतात.

विजेचे गणित मात्र जाहिरातीत जरा गोड करून सांगितलेले असते. पेपरव्हाइट या किंडलच्या वरच्या प्रकाराची २०२१ची आवृत्ती घ्या: तिची बॅटरी दहा आठवडे चालते असे कंपनी म्हणते, पण ते रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असे धरून. दहा आठवडे रोज अर्धा तास म्हणजे एकंदर पस्तीस तास. तुम्ही रोज तीन तास वाचत असाल तर बारा दिवसांच्या आसपास चालेल, दिवा पूर्ण प्रखर ठेवलात तर त्याहूनही कमी. तरीसुद्धा, वीज गेल्यावर दोन दिवसांत मान टाकणाऱ्या मोबाइलपुढे हे कितीतरी बरे. शिवाय लहानशा पॉवर बँकेवरही ते पुन्हा भरते.

पाणीरोधकाबाबत: २०२२चे साधे सहा इंची किंडल पाणीरोधक नाही, त्याची किंमत दहा हजारांच्या आसपास होती. पेपरव्हाइट पाणीरोधक आहे आणि पिढीनुसार चौदा ते सतरा हजारांपर्यंत जाते. त्याचे आयपीएक्स८ हे मानांकन गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीवर साठ मिनिटे एवढे आहे. खाऱ्या पाण्यात मात्र पाव मीटर आणि तीन मिनिटे एवढ्यावरच हमी संपते. आपण किनाऱ्यावरची माणसे असल्यामुळे हा फरक लक्षात ठेवावा. खारे पाणी लागलेच तर यंत्र गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच चार्जिंगला लावावे. वरचे पैसे मोजण्याजोगे आहेत असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे पाणी विचारून येत नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या आळीतल्या कित्येक घरांतली पुस्तके लगदा होऊन बाहेर आली. ज्याची पुस्तके ऑनलाइन खात्यावर होती त्याचे यंत्र गेले, पुस्तके राहिली.

ड_वर्ग_ग्रंथपाल (संगमेश्वर तालुका)

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे, मात्र शेवटच्या वाक्याला माझा आक्षेप आहे. पुस्तके राहिली, असे म्हणणे अर्धेच खरे. ई-पुस्तक विकत घेताना आपण पुस्तक घेत नसतो, ते वाचण्याचा परवाना घेत असतो, आणि परवाना देणाऱ्याच्या हाती काय काय राहते हे पूर्वी दिसले आहे. जुलै २००९मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले गेले, पुढे जाहीर दिलगिरीही व्यक्त झाली, पण घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलण्याची सोय त्यांच्याकडे आहे हे त्या दिवशी सिद्ध झाले. २६ फेब्रुवारी २०२५पासून तर विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात घालण्याची वाटही बंद करण्यात आली आहे. आता ते वायफायवरून थेट यंत्रातच येते, म्हणजे आपल्या हाताशी वेगळी प्रत अशी उरत नाही.

दुसरी गोष्ट देवघेवीची. मी तालुक्यातल्या एका छोट्या, शासनमान्य ड वर्गाच्या वाचनालयात काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या पुस्तकांतली बरीचशी कुणीतरी वाचून झाल्यावर आणून दिलेली असतात. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८पासून चालू आहे, आणि जिल्ह्यात वाचनाची जी काही सवय टिकली आहे ती एकाच पुस्तकाने शंभर हातांतून फिरण्यावर टिकली आहे. बाईंनी ई-रीडरवर वाचलेले पुस्तक शेजारच्या घरात जाणार नाही, नातवंडांना कपाटात सापडणार नाही आणि आमच्याकडेही येणार नाही. करसुद्धा उलटाच आहे: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर तो आहे.

यंत्र घेऊ नये असे मी म्हणत नाही. आमच्या सभासदांत ज्यांना बारीक टाइप वाचवत नाही त्यांना मी स्वतःच त्याचा सल्ला देतो. मात्र यंत्रामुळे कपाटे रिकामी करण्याचा विचार कुणी करू नये. बुरशीचेही सांगतो, कारण मूळ दुखणे तेच आहे. डांबराच्या गोळ्यांनी किडे मरतात, बुरशीला त्या काहीही करत नाहीत. बुरशीला दमट आणि कोंडलेली हवा लागते. पोलादी कपाट घट्ट बंद ठेवले की आपण तिला दोन्ही गोष्टी पुरवतो. कपाट पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये, भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, पुस्तके दाटीने कोंबू नयेत आणि उघाड पडेल त्या दिवशी दारे उघडून पंखा लावावा. ओलसर झालेले पुस्तक उन्हात न टाकता सावलीत, पाने पंख्यासारखी उघडून उभे ठेवावे. दिवाळी अंकांच्या पिना घरी आल्या आल्या काढून जाड सुती दोऱ्याने शिवून घ्याव्यात. गुळगुळीत कागदावर मातीचा थर असतो, तो ओल धरतो आणि सुकताना शेजारच्या पानाला चिकटतो. असे अंक आडवे रचू नयेत.

ओटीवरची_वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. यादी करून पाहिली. चरित्रे बरीचशी किंडलवर आहेत, प्रवासवर्णने मात्र निम्मी बुकगंगावर आणि निम्मी कुठेच नाहीत. शिवाय ओळखीच्यांनी पाठवलेल्या आणि ई साहित्य प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवलेल्या बऱ्याच पीडीएफ मोबाइलमध्ये साठल्या आहेत. त्या ई-रीडरवर वाचता येतील का? सूनबाई म्हणते की यापेक्षा सरळ टॅबलेट घ्यावा, त्यात सगळेच चालते.

बंदरावरचा_स्टेशनमास्तर (सिंधुदुर्ग)

पीडीएफ उघडेल, पण सहा इंची पडद्यावर वाचवणार नाही. सहा इंच हे कर्णाचे माप असते. प्रत्यक्षात पडदा साडेतीन इंचांहून किंचित रुंद आणि पावणेपाच इंचांच्या आसपास उंच भरतो. साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या डेमी पुस्तकाचे पान त्यात बसवले की अक्षर जवळपास निम्मे होते. पीडीएफमध्ये पान म्हणजे एक गोठलेले चित्र असल्यामुळे टाइप मोठा करता येत नाही, केवळ चित्र मोठे करून ते डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. तुमच्या डोळ्यांसाठी ज्या सोयीपायी यंत्र घ्यायचे तीच येथे उपयोगी पडत नाही. यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचणे एवढाच काय तो तोडगा आहे.

टॅबलेटवर सगळे चालते हे खरे, आणि त्यातच त्याचे वैगुण्य आहे. वाचायला बसले की व्हॉट्सॲपचा आवाज, मुंबईहून व्हिडिओ कॉल, मग बातम्या. उन्हात पडदा दिसत नाही आणि बॅटरी एका दिवसाची. मधला मार्ग म्हणजे अँड्रॉइडवर चालणारे, पण किंडलसारखाच ई-शाईचा पडदा असलेले यंत्र. ओनिक्स बूक्स या नावाने ती मिळतात. त्यांवर प्ले स्टोअर असते, त्यामुळे किंडलचे ॲप, बुकगंगाचे ॲप आणि गूगल प्ले बुक्स तिन्ही एकाच ठिकाणी बसतात. दहा इंची पडद्याचे घेतले तर पीडीएफही अंगाबरोबर दिसते. पण किंमत बरीच चढते, बॅटरी किंडलएवढी टिकत नाही, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी यंत्र मोठ्या शहरात पाठवावे लागते. मी असे एक यंत्र वापरतो. ते मला आवडते, तरी ज्यांना सेटिंगशी झटापट करण्याची हौस नाही त्यांना मी ते घ्या म्हणणार नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ग्रंथपाल महोदयांचा परवान्याचा मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच जी पुस्तके पुन्हा पुन्हा उघडायची, ज्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या किंवा जी कुणाला द्यायची, ती मी आजही छापीलच घेतो. चरित्र वाचताना दोनशे पाने मागे जाऊन एखादा संदर्भ पाहायचा असेल तर बोटाला ती जागा साधारण ठाऊक असते; यंत्रात शोध घेता येतो, पण त्यासाठी काय शोधायचे तो शब्द आठवावा लागतो. नकाशे आणि छायाचित्रे असलेल्या प्रवासवर्णनांचेही तसेच. सहा-सात इंचांच्या करड्या पडद्यावर त्यांची पार रया जाते.

बाई, तुमची यादी पाहता माझे मत असे: चरित्रे आणि कादंबऱ्या यांसाठी पेपरव्हाइट घ्यावे, प्रवासवर्णने छापील घ्यावीत किंवा वाचनालयातून आणावीत, आणि पीडीएफसाठी वेगळा खर्च करू नये, फार आवडलेली एखादी सवडीने टॅबलेटवर वाचता येईल. सूनबाईंचा टॅबलेट घरात येणारच असेल तर बुकगंगाचाही प्रश्न त्यात सुटतो.

पावसाळ्यातल्या वापराविषयी थोडे. ओटीवर बसून वाचताना पागोळ्यांचे तुषार पडद्यावर आले तर यंत्राला काही होत नाही, पण पडदा त्या थेंबालाच बोट समजतो आणि पाने आपोआप उलटू लागतात. अशा वेळी पडदा कोरड्या सुती कापडाने पुसावा. पदराने पुसल्यास आधीच ओल असते ती पसरते. चार्जिंगच्या खाचेत ओल असताना वायर लावू नये. खाऱ्या हवेने ती खाच लवकर गंजते, म्हणून वापर नसताना यंत्र झाकणाच्या डब्यात ठेवावे. मृग लागल्यावर संध्याकाळी पंखवाली वाळवी उजेडाकडे झेपावते तेव्हा दिव्याची प्रखरता अगदी कमी करावी किंवा खोलीच बदलावी.

ओटीवरची_वाचक

मुलाला पेपरव्हाइट सांगितले आहे. पिना काढण्याचे काम आजच सुरू केले. दोन अंकांच्या पिना काढताना तुटल्या आणि टोके आत राहिली. ती चिमट्याने ओढावीत की तशीच ठेवावीत?

ड_वर्ग_ग्रंथपाल (संगमेश्वर तालुका)

ओढू नयेत, कागद फाटतो. पिनेचे वळलेले टोक सुरीच्या बोथट बाजूने आधी सरळ करावे, मग अंक उलटा करून घडीच्या बाहेरच्या बाजूने पिन उचलावी. गंजाने कागदाला धरलेच असेल तर तेवढा तुकडा तसाच राहू द्यावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नवे टाके घालावेत.